ताब्यानंतरची पाच वर्षे : नव्या घरातील दोष आणि गोंदिया जिल्हा

गोंदिया जिल्ह्यात नवे घर साधारण तीन वाटांनी उभे राहते. पहिली वाट बिल्डरकडून फ्लॅट, रो-हाऊस किंवा तयार डुप्लेक्स घेण्याची. ती मुख्यतः गोंदिया शहर आणि त्याला चिकटलेल्या कुडवा, फुलचूर यांसारख्या गावांत दिसते. दुसरी वाट प्लॉट घेऊन त्यावर ठेकेदार लावण्याची. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, देवरी या गावांतली बहुतेक पक्की घरे आणि खुद्द गोंदियातली कितीतरी घरे याच वाटेची. तिसरी वाट सरकारी अनुदानातून बांधायच्या घरकुलाची. पहिल्याच पावसात स्लॅब पाझरला, भिंतीला लोणा लागला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली किंवा फरशी पोकळ वाजू लागली, की तक्रार तिन्ही घरांत एकच असते. दाद मागायची जागा मात्र तिन्ही घरांची वेगळी. कायद्याने सर्वांत भक्कम संरक्षण दिले आहे ते पहिल्या वाटेच्या घराला, आणि या जिल्ह्यात तशी घरे कमी आहेत. नव्या घरातील दोषदुरुस्तीची चर्चा आज कुठे येऊन थांबली आहे हे पाहताना ही विसंगती सतत समोर ठेवावी लागते.

घर बांधणारा आणि राहणारा

झाडीपट्टीतल्या, म्हणजे याच भागातल्या, जुन्या मातीच्या घराला दोष नसत असे नाही, पण दोष आणि देखभाल यांत फरक केला जात नसे. भिंती घरच्यांनी रचलेल्या, लाकूड आसपासच्या जंगलातले, छपराला कवेलू. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंतीचा पाया लिंपायचा, कुजलेला वासा बदलायचा. वर्षाकाठी येणारे हे काम कुणाची चूक म्हणून नव्हे, तर ऋतूचे काम म्हणून होई. बांधणारा आणि राहणारा एकच असल्यामुळे जबाबदारी ठरवण्याचा प्रश्नच नव्हता.

सिमेंट-काँक्रीट आले आणि दोन गोष्टी बदलल्या. घर बांधणे हे दुसऱ्याला पैसे देऊन करून घेण्याचे काम झाले. आणि चूक दिसेनाशी झाली. वासा कुजला तर हाताला कळतो. स्लॅबमधल्या सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवले होते की नाही, हे काँक्रीट पडल्यावर डोळ्यांना कळत नाही. सात-आठ वर्षांनी छताचे पोपडे पडून गंजकी सळई उघडी झाली की मगच कळते. कायद्याची भाषा गुंतागुंतीची झाली त्यामागे हेच आहे. ज्याने पैसे दिले त्याला काम पाहता आले नाही, आणि ज्याने काम केले तो चूक दिसेपर्यंत निघून गेला.

कायद्याचा प्रवास

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने, म्हणजे बोलीतल्या ‘मोफा’ने. मुंबईतल्या फ्लॅटविक्रीतील गैरप्रकार डोळ्यांसमोर ठेवून तो केला गेला. ताबा दिल्यापासून तीन वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद त्याच्या सातव्या कलमात आहे. कागदावर ती चांगली होती. पण मोफासाठी स्वतंत्र नियामक यंत्रणा नव्हती, आणि सामान्य खरेदीदाराच्या हाती अखेर दिवाणी कोर्टच उरे.

दुसरा टप्पा ग्राहक कायद्याचा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि पुढच्याच वर्षी मुंबईत उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी महाराष्ट्रात यासाठी जमीन तयार केली होती. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा घरबांधणी ही ‘सेवा’ आहे का याबद्दल वाद होता. १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा सेवेच्या व्याख्येत स्पष्ट समावेश झाला, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी गृहनिर्माण संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात असा निर्वाळा दिला. गोंदियाच्या दृष्टीने हा टप्पा पुढच्या टप्प्यापेक्षाही महत्त्वाचा, कारण इथे ‘बिल्डर’ असावाच लागत नाही; पैसे घेऊन घर बांधून देणारा ठेकेदारही सेवा देणारा ठरू शकतो.

तिसरा टप्पा ‘रेरा’चा. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, पण त्यातली दोष दायित्वाची तरतूद प्रत्यक्षात लागू झाली ती १ मे २०१७ पासून. महारेराचे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे, कामही त्याच दिवशी सुरू झाले. कायद्याच्या १४व्या कलमाचे तिसरे उपकलम या सगळ्या चर्चेचा कणा आहे. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील दोष किंवा कारागिरी, दर्जा, सेवा यांतील कोणताही दोष खरेदीदाराने निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत कोणताही मोबदला न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर खरेदीदार भरपाईस पात्र. घर पुन्हा विकले गेले तरी हा हक्क जात नाही, कारण ‘वाटपग्राही’ या शब्दाच्या व्याख्येत नंतरचा खरेदीदारही धरला आहे.

मोफा अजून रद्द झालेला नाही, आणि रेरा असताना ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद होत नाही. इंपेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दुसरे स्पष्ट केले. एकाच गळतीसाठी तीन कायदे उभे असणे ही सोय की गोंधळ, यावर वकिलांचे अजून एकमत नाही.

दोष कशाला म्हणायचे

‘संरचनेतील दोष’ असा शब्द कायद्याने वापरला, पण त्याची व्याख्या दिली नाही. त्यामुळे बरेचसे भांडण इथेच होते, आणि गोंदियाच्या जमिनीत व हवेत ते जास्तच होते.

आधी जमीन. जिल्ह्यातले बरेच लेआउट धानाच्या बांधीत पडलेले आहेत. बांधी म्हणजे पाणी अडवण्यासाठीच केलेली जागा. तिथली कन्हार माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. प्लॉट पाडताना तिच्यावर मुरमाचा भराव टाकला जातो आणि तो नीट दाबला न जाता एखाद-दोन वर्षांत त्यावर घर उभे राहते. मग जोत्यातला भराव खचतो, फरशी बसते, भिंत आणि फरशी यांच्यात फट पडते. पाया मुळात कन्हारीच्या खाली, पक्क्या थरापर्यंत नेला असेल तर नुकसान फरशीपुरते राहते. नसेल तर भिंतींना तिरप्या भेगा जातात आणि त्या दर पावसाळ्याला थोड्या मिटतात, दर उन्हाळ्याला पुन्हा उघडतात. अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खास खांब-पाये वापरण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काही दशकांपूर्वीच विकसित केली आहे. घरबांधणीच्या साध्या ठेक्यात मात्र माती तपासण्याचा खर्चच बहुधा धरलेला नसतो.

मग हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि हिवाळ्यात विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव वारंवार येते. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. काँक्रीटवर पाणी मारण्याविषयी भारतीय मानक ४५६ काय सांगते ते पाहण्यासारखे आहे: साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान दहा दिवस. आज दुकानात मिळणारे सिमेंट बहुतांशी राखमिश्रित असते आणि कामे दिवाळीनंतर सुरू होऊन ऐन उन्हाळ्यात रंगात येतात. म्हणजे दोन्ही कारणांनी दहा दिवस हवेत. प्रत्यक्षात किती दिवस पाणी पडते, हे घरमालकाच्या विहिरीवर आणि चिकाटीवर ठरते.

हवेचा करारनाम्याशीही संबंध आहे. महाराष्ट्रातील अनेक करारनाम्यांत एक छापील वाक्य आढळते: २० अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापमान-फरकामुळे पडलेल्या केसाएवढ्या भेगा दोष मानल्या जाणार नाहीत. मुंबईसारख्या दमट शहरात हे वाक्य निरुपद्रवी वाटेल. गोंदियात उन्हाळा-हिवाळ्याचा फरकच ३० अंशांच्या वर असतो. वाक्य शब्दशः घेतले तर इथली प्रत्येक बारीक भेग बिल्डरच्या जबाबदारीतून सुटते. हा फरक एका दिवसातला मोजायचा की वर्षातला, हे त्या वाक्यात सांगितलेले नसते. डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने करारनाम्यातील जी कलमे बदलता न येणारी ठरवली, त्यांत दोष दायित्वाचे कलम आहे. त्यामुळे नंतरच्या करारांत मूळ हमी पातळ करणे अवघड झाले. आधीचे करार जसेच्या तसे आहेत.

अभियंते या वादाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. सगळ्या भेगा सारख्या नसतात. प्लास्टरवरची जाळीसारखी बारीक भेग हे बहुधा रेतीत माती असल्याचे किंवा पाणी कमी पडल्याचे लक्षण. कॉलम आणि विटांच्या जोडावरची सरळ उभी भेग दोन वेगळ्या साहित्यांच्या हालचालीतून येते. तिथे प्लास्टरआधी जाळी मारली असती तर ती टळली असती. राखेच्या विटा पुरेशा न मुरवता वापरल्या तर भिंत आकसून भेगा देते, आणि तिरोड्याच्या औष्णिक प्रकल्पामुळे राख हाताशी असलेल्या या भागात हे लक्षात ठेवायला हवे. या झाल्या कारागिरीच्या चुका. पण भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल, तिरपी असेल, बीममध्ये किंवा कॉलममध्ये असेल, तिच्यातून गंजाचा डाग उतरत असेल, तर मामला संरचनेचा. प्रबलित काँक्रीटच्या पृष्ठभागावर साधारण ०.३ मिलिमीटर रुंदीपर्यंतची भेग मानक सहन करते. भेग जिवंत आहे की थांबली, हे पाहण्याची जुनी युक्ती आजही चालते: भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवायची. भेग हलली तर काच तडकते.

गळतीचे निदान त्याहून कठीण. ओल जिथे दिसते तिथे पाणी शिरलेले असतेच असे नाही. गच्चीचा उतार, पन्हाळीच्या तोंडाशी राहिलेली फट, पॅरापिटच्या बुडाचा जोड, वरच्या बाथरूमची नळजोडणी यांतले नेमके काय, हे गच्चीवर पाणी कोंडून ठेवून आणि एकेक शक्यता गाळून शोधावे लागते. तसे न करता नुसते रसायन फासले तर पुढच्या पावसात ओल दोन फूट सरकून पुन्हा येते, आणि मालक म्हणतो दुरुस्ती झाली नाही, बिल्डर म्हणतो केली. दोघेही खरे बोलत असतात.

बाजू

बिल्डरांची बाजू फेटाळण्याजोगी नाही. पाच वर्षे ही मुदत खांब आणि बीमसाठी रास्त, पण नळाची तोटी, दाराची कडी, रंग, विजेचे बटण यांनाही तीच मुदत कशी, असा त्यांचा प्रश्न आहे. या वस्तूंना कंपनीचीच हमी बहुधा त्याहून थोडी असते. ताबा घेतल्यावर मालक मधली भिंत पाडतो, गच्चीवर टाकी चढवतो, बाथरूमची फरशी बदलून खालचा जलरोधक थर फोडतो, आणि गळती मात्र बिल्डरच्या नावावर लागते. छोट्या शहरात विक्रीचा भाव कमी, नफ्याची फट अरुंद. पाच वर्षे माणसे राखून ठेवणे मोठ्या कंपनीला जमते, दहा फ्लॅटची एक इमारत बांधणाऱ्याला जड जाते.

ग्राहक संघटना याचे उत्तर देतात की बिल्डरकडे नकाशे आहेत, सळईची बिले आहेत, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे चाचणी अहवाल आहेत. खरेदीदाराकडे फक्त ओली भिंत आहे. माहिती एका बाजूला असताना पुराव्याचे ओझे दुसऱ्या बाजूवर टाकणे न्याय्य नाही. मालकाने बदल केले असतील तर ते दाखवणे बिल्डरला सोपे आहे. तोटी-कडीच्या वादाबद्दल त्यांचे म्हणणे असे की झिजणे आणि दोष हे वेगळे, आणि कायदा दोषाबद्दल बोलतो.

अभियंत्यांची तिसरी बाजू वृत्तपत्रांत फारशी येत नाही. त्यांच्या मते सगळी चर्चा ताब्यानंतरच्या दुरुस्तीवर अडकली आहे, आणि तपासणीची खरी वेळ मात्र प्लास्टरच्या आधीची असते. सळई बांधून झाली पण काँक्रीट पडले नाही, त्या एका दिवशी काढलेले दहा फोटो नंतरच्या महागड्या चाचण्यांपेक्षा जास्त सांगतात. मला या बाजूचे वजन जास्त वाटते; पण तिच्यामुळे आज गळणाऱ्या घरात राहणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही हेही खरे.

दाद कुठे मागायची

महारेराचे मुख्य कार्यालय मुंबईत, विभागीय कार्यालय नागपुरात. सुनावण्या दृकश्राव्य माध्यमातून होऊ लागल्याने गोंदियाहून प्रवासाचा त्रास कमी झाला आहे. तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये. त्याआधी सलोखा मंचाचा पर्याय आहे. २०१८ पासून चालणाऱ्या या मंचात ग्राहक संघटना आणि विकासकांच्या संघटना यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. दोन्ही पक्ष तयार असतील तरच तो चालतो, पण दोषदुरुस्तीसारख्या, आदेशापेक्षा वेळापत्रकाची गरज असलेल्या वादांना तो मानवतो.

अडचण पुढे येते. न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाची विभागणी पक्की केली: भरपाई ठरवण्याचा अधिकार रेराखालच्या निर्णय अधिकाऱ्याचा. म्हणजे ‘दुरुस्त करून द्या’ हा आदेश प्राधिकरणाकडे मागायचा आणि ‘खर्च भरून द्या’ ही मागणी दुसऱ्या दारात. गळक्या घराच्या मालकाला बहुधा दोन्ही हवे असते. आदेश मिळूनही पैसे मिळाले नाहीत तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत.

त्याआधीच एक मोठी गाळणी आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी आवश्यक नाही. गोंदियासारख्या शहरात छोट्या प्लॉटवरची तीन मजली इमारत, चार डुप्लेक्सची रांग, तळाला दुकाने आणि वर सहा फ्लॅट अशी कितीतरी बांधकामे या गाळणीतून सुटतात. नोंदणीतून सूट मिळाली तर पाच वर्षांची जबाबदारीही सुटते का, हा प्रश्न वादग्रस्त आहे. कलम १४ मध्ये ‘नोंदणीकृत’ असा शब्द नाही, यावर एक बाजू बोट ठेवते. नोंदणीच नसेल तर प्राधिकरणाला अधिकार कुठून, असे दुसरी विचारते. हा वाद सुटेपर्यंत अशा इमारतींना मोफाची तीन वर्षे आणि ग्राहक आयोग हाच आधार.

जिल्हा ग्राहक आयोग गोंदियातच आहे. २०१९ चा नवा ग्राहक कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येऊ लागली. डिसेंबर २०२१ पासून जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्याच्या ५० लाख रुपयांपर्यंत आहे. जिल्ह्यातली बहुतेक घरे त्यात बसतात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, २० ते ५० लाखांच्या टप्प्यात १,००० रुपये. अपिलासाठी राज्य आयोगाचे नागपूर खंडपीठ. कायद्याने निकालाची मुदत तीन महिने, चाचणी लागणार असेल तर पाच महिने सांगितली आहे. ती पाळली जातेच असे कुणी म्हणणार नाही.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात. ते कारण ताब्याच्या दिवशी घडले, भेग दिसली तेव्हा घडले, की बिल्डरने शेवटचा नकार दिला तेव्हा, यावर प्रत्येक प्रकरणात वाद होतो. म्हणून जाणकार वकील पहिली भेग दिसताच पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवायला सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुरावा म्हणून चालतो, पण तारीख आणि मजकूर यांबाबत पत्रावर वाद कमी होतात.

ठेकेदाराचे घर

जिल्ह्यातली सर्वांत मोठी संख्या इथे आहे आणि कायद्याचे सर्वांत विरळ छत्रही इथेच. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यासाठी ठेकेदार हा रेराच्या अर्थाने प्रवर्तक नाही. तो काही विकत नाही. ठेका दोन प्रकारचा: साहित्यासह, किंवा नुसता मजुरीचा, चौरस फुटाच्या दराने. साहित्यासह ठेक्यात जबाबदारी निदान एका माणसापाशी सापडते. मजुरीच्या ठेक्यात सिमेंट, रेती, सळई मालकाने आणलेली असते. स्लॅब पाझरला की ठेकेदार रेतीला दोष देतो, रेतीवाला ठेकेदाराला, आणि नकाशा करून देणारा अभियंता म्हणतो की देखरेखीचे पैसे मला दिलेच नव्हते. तिघांत मालकाचा स्वतःचा वाटाही असतो, कारण पाणी मारण्याचे काम बहुधा त्याच्याकडेच होते.

लेखी करार क्वचित. असला तर एका पानावर दर आणि हप्ते. अशा व्यवहारात दोष दायित्वाची भूमिका निभावतो तो शेवटचा हप्ता. तो एक पावसाळा जाईपर्यंत रोखून धरायचा, ही लोकांनी आपापल्या अनुभवातून काढलेली पद्धत आहे, आणि ती सरकारी बांधकामांत ठेकेदाराची सुरक्षा ठेव दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत राखून ठेवण्याच्या पद्धतीशी जुळते. ठेकेदारांची तक्रार अशी की काम चांगले झाले तरी मालक हा हप्ता बुडवतो. काही जण म्हणून आधीच दर वाढवून सांगतात. रोखायची रक्कम आणि मुदत कामाआधी कागदावर लिहिली तर दोन्ही बाजूंचा संशय कमी होईल, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

दुरुस्तीच्या वेळापत्रकाला इथे शेतीही आडवी येते. गळती कळते जुलैत, आणि तेव्हा मजूर रोवणीला गेलेले असतात. भर पावसात गच्चीचे काम करताही येत नाही. पाऊस ओसरला की धानाची कापणी आणि मळणी. त्यामुळे घर प्रत्यक्षात दुरुस्त होते ते डिसेंबर-जानेवारीत, आणि दुरुस्ती नीट झाली का हे कळायला पुन्हा पुढचा जून उजाडतो. ३० दिवसांची मुदत लिहिणाऱ्यांनी कदाचित एवढा विचार केला नसेल. या मुदतीत निदान कारण शोधून लेखी वेळापत्रक देणे शक्य आहे, असा मधला अर्थ लावता येतो. कायद्याच्या शब्दांत तो नाही.

इतरत्र काय आहे

फ्रान्समध्ये बांधणाऱ्यावर संरचनेची दहा वर्षांची जबाबदारी आहे आणि १९७८ च्या कायद्यापासून तिच्यासाठी विमा सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये नव्या घराला साधारणतः दहा वर्षांची हमी मिळते: पहिली दोन वर्षे बिल्डरची, पुढची आठ विमाकंपनीची. दोन्हीकडचा धडा मुदतीचा कमी आणि पैशाचा जास्त आहे. बिल्डर बुडाला तरी दुरुस्तीचा पैसा उरतो, आणि विमा देणारी कंपनी काम चालू असतानाच तपासणी करते, कारण पुढे पैसे तिलाच द्यायचे असतात. भारतात रेराच्या १६व्या कलमात बांधकामाच्या विम्याची तरतूद आहे. घरमालकाला भरवसा वाटावा असा दोष दायित्वाचा विमा मात्र त्यातून अजून उभा राहिलेला नाही.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला अलीकडचा प्रसंग गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसो संकुलाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या एका मनोऱ्याचे मजले कोसळून माणसे मेली, आणि दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमधील क्लोराइड आणि गंज यांवर बोट ठेवले गेले. तो प्रसंग फार मोठ्या इमारतीचा. पण दोष इतका खोल असेल की दुरुस्तीच शक्य नाही, तर ‘विनामूल्य दुरुस्ती’ या शब्दांना अर्थ काय, हा प्रश्न त्याने सगळ्यांपुढे ठेवला.

न सुटलेले

पुराव्याचा खर्च हा पहिला प्रश्न. हातोडा-चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, काँक्रीटचा गाभा काढून केलेली तपासणी यांसाठी नागपूरकडे पाहावे लागते. चाळीस हजारांच्या गळतीसाठी तज्ज्ञाचा अहवाल कुणी काढायचा आणि त्याचे पैसे कुणी आधी मोजायचे, यावर ठरलेला नियम नाही. जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्था आहेत. त्यांच्या प्रयोगशाळा माफक दरात अशा अहवालांसाठी उघडता येतील का, ही सूचना विचार करण्याजोगी आहे.

दुसरा प्रश्न सामाईक भागाचा. गच्ची, जिना, सांडपाण्याची टाकी यांची तक्रार कुणी करायची? संस्था किंवा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचा संघ उभा राहिलेला नसेल तर वरच्या मजल्यावरचा एकटाच भांडतो आणि खालचे पाहतात. भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा दिला-घेतला गेला असेल, तर पाच वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची हाही वाद त्यालाच जोडून येतो. भागीदारी संस्था एका इमारतीपुरती काढून नंतर मोडली, तर पत्र पाठवायचे कुठे, याचेही उत्तर नाही.

तिसरा, ताब्याआधीच्या प्रमाणपत्राचा. बांधकामाचा दर्जा, साहित्याच्या चाचण्या आणि कारागिरी यांबद्दल विकासकाकडून हमीपत्र घेण्याचा विचार महारेराने पुढे आणला आणि २०२४ मध्ये त्यावर सूचना मागवल्या. अभियंत्यांच्या बाजूला तो पटणारा. प्रमाणपत्र बिल्डरनेच नेमलेल्या अभियंत्याने द्यायचे असेल तर त्याचे मोल किती, अशी शंका ग्राहकांच्या बाजूने घेता येते. आणि काहीही ठरले तरी ते नोंदणीकृत प्रकल्पांपुरते असेल. आठ फ्लॅटपर्यंतची इमारत पुन्हा बाहेरच.

चौथा प्रश्न घरकुलाचा, आणि संख्येने तो जिल्ह्यात लहान नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम वा एकात्मिक कृती आराखड्यातील जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी वेगळी. योजनेत ठेकेदाराला जागा नाही. लाभार्थीच बांधणारा, म्हणून दोषासाठी जबाबदारही तोच. प्रत्यक्षात गावातल्या मिस्त्रीला काम दिले जाते, पण कागदावर तो नसतो. पंचायत समितीतील ग्रामीण गृहनिर्माण अभियंता टप्प्याटप्प्याने येऊन स्थान-नोंदीसह फोटो घेतो आणि त्यावर हप्ता सुटतो. जोत्यापर्यंत काम झाले, छतापर्यंत झाले, एवढे त्या फोटोतून सिद्ध होते. जोत्याखाली कन्हार होती का, स्लॅबला किती दिवस पाणी पडले, हे त्यात येत नाही, आणि शेवटचा हप्ता सुटल्यावर तीन वर्षांनी छत गळले तर अनुदानात दुरुस्तीसाठी रक्कम नाही. मिस्त्रींच्या प्रशिक्षणाची सोय योजनेत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ही योजना २०२८-२९ पर्यंत वाढवून आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली. त्या घरांच्या तपासणीत अवस्थेबरोबर दर्जाचाही एखादा रकाना येतो का, आणि तो भरणाऱ्या अभियंत्याला सळई बांधलेल्या दिवशीच तिथे पोहोचता येईल एवढीच घरे दिली जातात का, याकडे देवरी-सालेकसाकडच्या गावांचे लक्ष असायला हवे.